रंगाऱ्याची भुरी लेक

दूर देशची एक भिक्षुणी, लोकं टक लावून बघत्यात म्हनून, खांबाआड बसायची, तवा भगवान बुद्धांनी ही गोष्ट सांगितली. पूर्वी सोपारा बंदरावर एक राजा राज्य करत व्हता, तवा बोधिसत्त्व रंगाऱ्याच्या घरात जन्मला. कापड फाटंल, पन त्याचा रंग जानार न्हाई, असं त्याचं काम.

एकदा समुद्रात यवनांचं, म्हंजे समुद्रापल्याडच्या गोऱ्या ग्रीकांचं, गलबत फुटलं. फळीवर एक तान्ही पोर काठाला लागली. गोरीपान, केस पिवळे. बोधिसत्त्वानं आन त्याच्या बायकोनं, वसुलानं, तिला पोटच्या लेकीवानी वाढवलं. नाव ठेवलं शंखी.

पोर चालायला लागली तशी वसुला रोज सकाळी तिच्या तोंडाला, हाताला खैराचं तांबूस पानी चोळायची. कशापायी, ते कुनी सांगितलं न्हाई. पोरीनं बी इचारलं न्हाई. पोरं असलं इचारत न्हाईत, मनात ठेवत्यात.

एक दिस शंखी बाकीच्या पोरांसंगं खाडीत उतरली आन रंग वाहून गेला. पोरं खिदळली, "अगं ए भुरे! रंगाऱ्याची लेक आन रंग कच्चा!"

ती पळत घरी आली. चुलीवर खैराची कढई उकळत व्हती. पक्का रंग उकळत्या पान्यातच बसतो, हे तिनं जलमभर बघितलेलं. तिनं पाट ओढला, कढईत उतरायला त्यावर चढली. बोधिसत्त्वानं धावत येऊन दंड धरला.

"सोड, बा! मला पक्कं रंगव."

तो रागावला न्हाई. तिला खाली घेतलं, गार पानी आनलं आन उरलासुरला रंग आपल्या हातानं धुतला.

वसुला रडायला लागली. "अवं, लोकं टक लावून बघत्यात म्हनून लावते. मला काय ती परकी हाय व्हय?"

"परकी न्हाई, तर झाकतीस कशाला? पोरीला वाटतंय, आपलं तोंडच वंगाळ."

त्यानं शंखीला फुटलेल्या गलबताची सगळी हकीकत सांगितली. पुढं बंदराला यवनांचं गलबत लागलं, तवा तो म्हनाला, "चल, तुझ्या तोंडावळ्याची मानसं दाखवतो."

"आन ती तिथंच ऱ्हायली तर?" वसुलानं दार अडवलं.

"ऱ्हायली तर दोघं बसून रडू. पन कोंडून ठेवायची न्हाई."

वसुला बाजूला झाली. दिसभर तिनं घास खाल्ला न्हाई. सांजच्याला दोघं परत आली. उन्हानं शंखीचं नाक लाल झालेलं.

"आई, तिथल्या एका मानसाचं नाक बी असंच लाल झालंय! त्यांचं बोलनं कायबी कळलं न्हाई. पन माझ्याकडं कुनी बघतच न्हवतं. लई बरं वाटलं."

वसुलाचं तोंड उतरलं.

"बरं वाटनारच," बोधिसत्त्व म्हनाला. "पुढचं गलबत आलं की परत जाऊ."

वसुला चुलीकडं वळली. मग ताट वाढता वाढता म्हनाली, "मी बी येते तवा."

एवढं सांगून भगवान म्हनले, "तवाची शंखी म्हंजे ही दूर देशची भिक्षुणी, खांबाआड बसून ऐकतीया ती. वसुला म्हंजे तिला सांभाळनारी थोरली भिक्षुणी. आन रंगारी मीच व्हतो."

पोराला आपलं म्हनायचं आन त्याचंच तोंड झाकायचं, ही नुसती भीती. ते जसं हाय तसं उघड्या तोंडानं फिरू द्यायचं, आपला जीव खालवर झाला तरी. करुणा म्हनत्यात ती हीच.