हैबतीने आईचं काळीज सांभाळलं

डोंगरापलीकडच्या एका गावात हैबती नावाचा एक भोळा गडी राहायचा. देवाने त्याला ताकद सढळ हाताने दिली होती, अक्कल देताना मात्र हात आखडता घेतला. पण आईवर, गोजराबाईवर, त्याचा भारी जीव. तिचं काळीज कमजोर झालंय असं कळल्यापासून बिचाऱ्याला घास गोड लागेना.

गावातल्या आरोग्यसेविका शकूताई दर बुधवारी शाळेत काळजाच्या दुखण्याची माहिती सांगायच्या. हैबती पुढेच बसायचा. एकदा ताई म्हणाल्या, "काळजाच्या पेशंटला वाईट बातमी एकदम सांगू नये. आधी बसवावं, पाणी द्यावं, मग हळूहळू सांगावं."

"बरं, ताई."

घरी जाताना त्याला शेजारच्या जिजाबातात्यांची कडब्याची गंजी पेटलेली दिसली. तात्या अंगणात दोर वळत होते, पैलवानासारखे ठणठणीत.

"तात्या, बसा."

"बसलोयच की."

"मग पाणी प्या."

तात्या पाणी प्यायले.

"परड्यात तुमची कडब्याची गंजी हाय न्हवं?"

"हाय की. का रं?"

"व्हती, तात्या."

हे कानावर आलं तेव्हा शकूताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, असं काही दिसलं की सांगत बसायचं नाही! बोंब ठोकायची, सारा गाव गोळा करायचा!"

"बरं, ताई."

आठवडाभर गोजराबाईचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. एका दुपारी ती गाढ झोपली. हैबतीला ते दिसलं. आनंदाने त्याने बेंबीच्या देठापासून बोंब ठोकली, "धावाऽ! आये! आयेऽ!" गाव बादल्या-घागरी घेऊन धावलं. गंजीचा अनुभव ताजा होता, म्हणून कुणी काही विचारलं नाही, आधी पाणी ओतलं. गोजराबाई छातीवर हात ठेवून ताडकन उठली.

शकूताई संतापल्या. "अरे, पेशंटभोवती गर्दी दिसली की एकेकाला हाकलायचं! मोकळी हवा लागू द्यायची! कुणाचं म्हणून ऐकायचं नाही!"

"बरं, ताई."

पुढे शकूताईंनी तालुक्याला चार महिने खेटे घातले, तेव्हा कुठे शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई काळीज तपासायचं मशीन घेऊन एका दिवसासाठी गावच्या शाळेत आल्या. गोजराबाईला कोणतं औषध द्यायचं हे त्या तपासणीवरच ठरणार होतं. पहिला नंबर तिचाच. हैबती धावत आला. बघतो तर काय, शाळा माणसांनी भरलेली आणि मधोमध आई!

त्याने बाह्या सरसावल्या. व्हरांड्यातली रांग हाकलली. सरपंचांना उचलून फाटकाबाहेर ठेवलं.

"अरे, मी शकूताई!"

"ताई, कुणाचं म्हणून ऐकायचं न्हाई. तुमीच सांगितलंय." त्याही बाहेर गेल्या.

मशीन तर आईला अगदी चिकटूनच होतं. ते त्याने तारांसकट उचललं आणि जीपमध्ये नेऊन ठेवलं. डॉक्टरीणबाई ओरडत मशीनमागे जीपमध्ये चढल्या. हैबतीने दार लावून जीपवर थाप मारली. ड्रायव्हरला वाटलं, काम आटोपलं. जीप गेली.

शाळेत खाटेवर एकटी गोजराबाई उरली.

"आरं हैबती, आता मला तपासणार कोण?"

हैबतीने घाम पुसला. त्याला आईची कीव आली.

"आगं, डॉक्टरीणबाई! येऊ दे आता त्यास्नी खुशाल. त्यांच्यासाठी कशी ऐसपैस जागा करून ठेवलीय बघ!"