भेगेचे तोंड

ते राज्य एका आकाशयानाच्या पाठीवर पसरले होते आणि नखाहूनही पातळ होते. वर वारा, खाली धातू, मधे लेप. लेपात रसाने भरलेल्या असंख्य कुप्या राहत. भेग पडली की जवळच्या कुपीने फुटायचे, आपल्या रसाने ती बुजवायची आणि कायमचे रिते व्हायचे, अशी तिथली रीत होती.

सर्वांच्या वर चकाकी राज्य करी. आपल्या राज्याला आजवर ओरखडाही उठलेला नाही, असे ती सूर्याला तोंडावर सांगे. रित्या कुप्यांचा विषय तिच्यापुढे कुणी काढत नसे.

ठिबकी नावाची कुपी पंखाच्या मुळाशी राहत होती. तिथे पंख दर उड्डाणात वाके आणि भेग फिरून त्याच जागी येई. दरवेळी एक शेजारीण कामी येई. गेल्या खेपेला ओलाई फुटली. आता त्या टापूत भरलेली अशी ठिबकी एकटीच उरली होती.

यान ढगांतून खाली येऊ लागले तेव्हा पंख करकरला. भेग सरसरत आली आणि ठिबकीच्या अंगाला भिडली. मागोमाग वारा आत घुसला. धातू शहारला.

"काठोकाठ भर," चकाकीने वरून बजावले. "खाली तपासनीस उभी आहे. तिला काही दिसता कामा नये."

पुढच्या खेपेला कोण भरणार, असे ठिबकीने विचारले. पुढचे पुढे पाहू, असे उत्तर आले.

शेजारच्या टरफलातून ओलाईचा पोकळ आवाज उमटला. "मीही भेग काठोकाठच भरली होती, बाई. म्हणून तर कुणाला कळली नाही."

फुटले नाही तर वारा धातूला खाणार होता. फुटून सगळे बुजवले तर पुढच्या खेपेला खाणार होता. वारा आणखी आत आला, आणि ती फुटली. पण फुटली ती खालच्या अंगाने. सगळा रस धातूवर पसरला आणि तिथेच घट्ट झाला. वारा थोपला. भेगेचे तोंड मात्र वर उघडेच राहिले.

"हे काय केलेस?" चकाकीने विचारले.

यान टेकले. तपासनीस शिडीने वर आली. चकाकी अशी काही झळाळली की तपासनीस बाईचे डोळे दिपले. तिने ते मिटून घेतले, हातमोजा काढला आणि उघडे बोट पंखाच्या मुळापासून हळूहळू पुढे नेले. बोट गुळगुळीत अंगावरून सरकत राहिले, सरकत राहिले, आणि एका जागी अडले.