मीठ झोपत नाही

इंजिनं बोलायची तेव्हाची गोष्ट. एका खाडीवर थंडीचा वारा सुटला, की होड्या महिनाभर किनाऱ्यावर चढायच्या. तेव्हा चांगुणा विहिरीचं गोडं पाणी पिंपात भरून त्यात आपल्या होडीवरून उतरवलेलं जुनं इंजिन चालवायची. आतलं मीठ धुऊन निघालं, की मगच त्याला गोणपाटात गुंडाळायची.

"काय आजोबा, जन्म समुद्रात गेला आणि आंघोळ नवरदेवाची?" शेजारच्या हरबाचं नवं इंजिन हसायचं.

"तू झोपशील, मीठ झोपत नाही," जुनं म्हणायचं.

महिन्याने होड्या निघाल्या. खाडीच्या तोंडाशी नवं इंजिन तापून बंद पडलं. न धुतलेल्या मिठाने त्याच्या गार पाण्याच्या नळ्या बुजल्या होत्या. होडी हरबासकट खडकाकडे चालली. चांगुणाने त्याच्याकडे दोर फेकला. जुनं इंजिन गरजलं आणि लाटा फोडत त्याने दोन्ही होड्या किनाऱ्याला आणल्या.

हरबा म्हणाला, "वहिनी, काय बोलायचं ते बोला."

"बोलू कशाला? हंडा उचला, विहीर तिकडे आहे."