अमरवेलीचा पिवळा धागा

झाडं आल्यागेल्याची ओळख ठेवत, त्या काळची ही गोष्ट. खार पहिल्यांदा आली की प्रत्येक झाड तिला आपली एक खूण देई. जांभळाने साल दिली, बोरीने काटा दिला. पुढच्या वेळी खार ज्याची खूण त्यालाच दाखवी आणि झाड तिला ओळखून फळ देई.

अमरवेल मात्र सगळ्याच झाडांवर पसरलेली. तिने खारीला पिवळा धागा दिला होता. खार कुठेही गेली की वेल म्हणे, “माझा धागा दाखव गं.” खार दाखवी.

एके दुपारी रानमांजराने खारीला बोरीखाली गाठलं. ती कशीबशी फांदीवर चढली आणि तिने विचारलं, “मी इथे येणार हे तुला कुणी सांगितलं?”

“वेलीने. सकाळी तू जांभळावर असतेस, दुपारी बोरीवर. तिला सगळं पाठ आहे.”

दुसऱ्या दिवशी जांभळावर वेलीने पुन्हा धागा मागितला.

“दाखवीन की,” खार शांतपणे म्हणाली. “पण यापुढे ज्याची खूण त्याच्याच मुळाशी दाखवणार. तुझं मूळ कुठे आहे ते सांग, मी तिथे येते.”

वेलीने खाली पाहिलं. खाली सगळी जांभळाचीच मुळं होती; तिचं स्वतःचं एकही नव्हतं.