कच्चा नवरदेव

कोकणात एका वाडीवर एक भोळा राहायचा. नाव नरहरी. पण एवढं मोठं नाव त्याच्याच ध्यानात राहीना, म्हणून सगळे त्याला नरू म्हणत. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. टाळलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याची आई म्हणायची.

चैत्र लागला होता. आंबे भरत आले होते, परड्यात लाल माठ तरारला होता. पण आईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. येत्या रविवारी नरूच्या बहिणीला, इंदूला बघायला शेजारच्या गावचे तात्या येणार होते, मुलाला घेऊन. आधीची दोन स्थळं नरूशी बोलून परत गेली होती. आणि इंदूने हा मुलगा, श्रीधर, जत्रेत एकदा लांबून पाहिला होता. तेव्हापासून ती भाकरी थापताना उगीचच हसायची.

"नरू, मी नदीवर जाते," आई म्हणाली. "परड्यावर नजर ठेव."

नरूने ठेवली. शेळी आत आली. तिने माठ खाल्ला, मग मुळे खाल्ले, मग कुंपणावरचा दोडकाही खाल्ला. आई परतली तेव्हा परडं बोडकं झालं होतं.

"आई, पापणीसुद्धा हलवली नाही बघ."

आईने कपाळावर हात मारला. "मेल्या, नुसतं बघायचं नसतं! कोणी शिरलं की काठी उगारायची. हाकलायचं!"

"बरं. आता ध्यानात ठेवीन."

आणि त्याने ठेवलं. तीच तर पंचाईत होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सरूकाकू वाटीभर सांदण घेऊन मागच्या दाराने आल्या. नरूने काठी उगारली. काकू जन्मात पळाल्या नव्हत्या एवढ्या पळाल्या. वाटी ओहोळात सापडली.

आईने कपाळावर हात मारला. "अरे, दारी आलेल्याला कोणी हाकलतं का? 'या, बसा' म्हणावं. गूळपाणी द्यावं."

"बरं. आता ध्यानात ठेवीन."

मग बागेत वानरं आली. चांगलं मोठं बिऱ्हाड होतं, लेकुरवाळं. नरूने गुळाची ढेप आणि पाण्याची कळशी पुढे ठेवली.

"या, बसा," तो म्हणाला.

ती बसली. आंब्याच्या कलमावर बसली. निघाली तेव्हा अर्धे आंबे जमिनीवर होते. वानरांची वागणूक तशी चांगली होती, असं नरूचं मत पडलं. फक्त जाताना 'येतो' म्हणाली नाहीत.

या खेपेला आई खालीच बसली आणि रडली. वर्षभर जपलेले आंबे होते ते. इंदूने मुकाट्याने टोपली आणली आणि धड होते तेवढे वेचले. शेवटी आईने डोळे पुसले आणि नरूला कोठीच्या खोलीत नेलं.

"हे बघ, कच्चं म्हणून टाकून द्यायचं नसतं. अढी घालायची. खाली पेंढा, वर पेंढा, आणि दाराला कडी. आठ दिवस उघडायचं नाही, ऊब जाते."

"आत गुदमरत नाहीत?"

"नाही रे बाबा. पिकून गोड होऊन बाहेर येतात."

"बरं. आता ध्यानात ठेवीन."

रविवारी पाहुणे आले. "तू आज तोंड उघडायचं नाहीस," आईने नरूला बजावलं. त्याने ओठ मिटले ते मिटले. इंदूने पन्हं दिलं. तात्यांनी दोन प्रश्न विचारले, तिने नीट उत्तरं दिली. श्रीधरने पन्ह्याचा पेला रिकामा झाल्यावरही तोंडाला लावून ठेवला होता. सगळं कसं छान चाललं होतं.

"मुलगी पसंत आहे," तात्या म्हणाले. "आता आमचंही सांगतो, मागाहून बोल नको. श्रीधर स्वभावाने गरीब आहे. पण व्यवहारात अजून जरा कच्चा आहे हो."

"त्याचं काय एवढं?" आई हरखून म्हणाली. "होईल तयार!"

नरू उठला. त्याने श्रीधरचा हात धरला आणि बागेकडे बोट दाखवलं. दोघं गेले. पोरगा माणसांत आला, असं वाटून आईचा ऊर भरून आला.

तिथीची बोलणी झाली. तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "श्रीधर कुठंय?"

नरू एकटाच दारात उभा होता. केसांत पेंढा होता. त्याने आईकडे पाहिलं.

"बोल, मेल्या!"

"कच्चे होते ना? अढीत घातलेत. वर पेंढा दाबून घातलाय. आठ दिवसांनी या तात्या, बोटाने दाबून बघू."

आईने कपाळावर हात मारायला उचलला, तो तिथेच राहिला. तात्या कोठीकडे धावले. त्यांनी कडी काढली. आत पेंढ्याचा ढीग हलला.

"दार लावा, तात्या!" ढिगातून श्रीधर ओरडला. "ऊब जाते!"

तात्या खाली बघू लागले. "म्हटलं नव्हतं का," ते पुटपुटले, "जरा कच्चा आहे म्हणून."

इंदू ओसरीवरून उठली. सकाळपासून खाली घातलेली मान तिने वर केली, खोलीपाशी गेली आणि दार ओढून कडी घातली.

"राहू देत आठ दिवस," ती म्हणाली. "पिकले तर लग्नाचं बघू."