राजा आणि चिमणी

पेट्रोल परवडायचं, त्या सत्ययुगातली ही गोष्ट. मालवणच्या मुणगेकरांच्या अंगणात दोन गाड्या राहायच्या. एक लहानखुरी, म्हातारी चिमणी आणि दुसरा नुकताच आलेला उंच, रुबाबदार राजा.

राजाच्या छतातून आभाळ दिसायचं, मागचं बघायला कॅमेरा होता. दुःख एकच, शेजारी चिमणी होती.

"म्हातारे, तुझ्या अंगाला सुक्या बांगड्याचा वास येतो," तो म्हणायचा.

"येणारच. बाजार माझ्यातून येतो. तू कुठे जातोस?"

"लग्नाला."

"आणि एरवी?"

"एरवी मला पुसतात."

एक दिवस मुणगेकरांनी चिमणीसाठी गिऱ्हाईक आणलं. राजा हरखला. तेवढ्यात वत्सलाबाई पायरीवरून नवऱ्याला म्हणाल्या, "विका खुशाल. पण उद्यापासून शेणखत नव्या गाडीतून येईल. आणि मामंजींना गाडी लागते, तेही तिच्यातच बसतील."

राजाला दरदरून घाम फुटला. गिऱ्हाईकाने चिमणीच्या दाराला हात लावला, तसा राजा दिवे लावून असा बोंबलला की माणूस तुळशीवर जाऊन आदळला. पुन्हा हात लावला, पुन्हा बोंब. शेवटी "जागा बाधिक दिसते, भूतबित असणार" असं पुटपुटत गिऱ्हाईक पळालं.

अंगण शांत झाल्यावर राजा हळूच म्हणाला, "आजी, तब्येतीला जपा हं. तेलपाणी वेळेवर घेत जा."

"अहोजाहो राहू दे," चिमणी म्हणाली. "जरा सरक, मला सावलीत उभं राहायचंय."

हँडब्रेक ओढलेला असूनही राजा सरकला.