न झिजलेली डावी

फार मागे, बर्फाळ डोंगरातल्या एका गावात नोरबूच्या घरी बर्फावरून उतरताना पायांना बांधायच्या स्कीची जोडी होती. हिवाळा तोंडावर आला की नोरबू चुलीपाशी बसून कानशीनं दोघींच्या पोलादी कडांना धार लावायचा. उजवी मुकाट्यानं अंग झिजवून घ्यायची. डावी मात्र कुरकुरायची.

एका वर्षी ती कानशीला म्हणाली, "बाई गं, नुसता हात फिरव. दरवर्षी झिजून माझं उरणार काय?"

"घसरलीस तर एकटी नाही घसरणार तू," कानस म्हणाली. पण डावीनं फारच गयावया केली, तेव्हा कानशीनं दात आवरते घेतले. कड नुसती चकाकली, नि नोरबू फसला.

पहिल्याच उतारावर बर्फ काचेसारखं कडक झालं होतं. डावीची पकड सुटली आणि सगळा भार उजवीवर आला. तिनं जिवाच्या आकांतानं कड रोवून धरली. नोरबू सावरला, पण उजवी मधोमध मोडली.

"हिला ओरखडाही नाही," नोरबू बायकोला म्हणाला, आणि त्यानं डावीला भिंतीवर टांगलं.

पुढच्या हिवाळ्यात चुलीपाशी नव्या जोडीला धार लागत होती. वरून डावी म्हणाली, "कानसबाई, ये गं. हवं तेवढं घास मला."

कानस थबकली. "घासीन गं. पण जाशील कुणाबरोबर?"